अमेरिकेतला मताधिकार आणि वर्णभेद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांना मतदानापासून जवळपास पाऊणशे वर्षं कसं दूर ठेवलं गेलं, याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. 'काउंटी' हा शब्द वारंवार येईल. काउंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय विभाग, आपल्या जिल्ह्यासारखा, पण बहुतेक वेळा लोकसंख्येने तालुक्याएवढाच.

१. कृष्णवर्णीयांना मताधिकार १८७० मध्येच मिळाला होता ना? मग १९६५ साली वेगळा कायदा कशाला लागला?

पंधरावी घटनादुरुस्ती फेब्रुवारी १८७० मध्ये संमत झाली हे खरं, पण तिचे शब्द नीट वाचायला हवेत. ती कोणाला मताधिकार देत नाही. वंश, रंग किंवा पूर्वीची गुलामी या कारणावरून मत नाकारू नये, एवढंच सांगते. कर थकला, वाचता येत नाही, एका जागी पुरेशी वर्षं राहिला नाही, ही कारणं तिने मोकळी सोडली. पुढचा सगळा खेळ या मोकळ्या जागेत झाला.

२. आमच्याकडे मतदार यादी सरकार करतं. तिथे नोंदणीचा एवढा बाऊ का?

कारण तिथे यादीत नाव घालायची जबाबदारी नागरिकाची. अर्ज त्याने करायचा, कचेरीत त्याने जायचं. (नॉर्थ डकोटात नोंदणीच लागत नाही, तो अपवाद.) नियम राज्याचे आणि अंमलबजावणी काउंटीची. त्यामुळे एखाद्याला मतदानाच्या दिवशी अडवायची गरजच पडत नसे, वर्षभर आधी एका टेबलासमोर त्याचं काम तमाम करता येई. त्या टेबलामागचा नोंदणी अधिकारी स्थानिक गोऱ्या पुढाऱ्यांच्या मर्जीतला असे.

३. गुलामगिरी संपल्यावर कृष्णवर्णीयांनी कधी मतदान केलंच नाही का?

केलं, आणि मोठ्या संख्येने केलं. यादवी युद्धानंतर दक्षिणेत केंद्राचं सैन्य होतं तोवर कृष्णवर्णीय मतदार होते, आमदार होते. १८७० मध्ये मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स सिनेटवर गेले, १८७५ पासून ब्लांच ब्रूस पूर्ण सहा वर्षं सिनेटर होते. १८७७ मध्ये राजकीय तडजोड होऊन सैन्याचा आधार गेला. तरीही लगेच सगळं संपलं नाही. आधी दंगली, खून आणि मतपेट्यांची अफरातफर यांवर भागवलं गेलं. कायद्याची पाळी १८९० पासून आली. १८९८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनमध्ये तर निवडून आलेली नगर-सत्ताच सशस्त्र गोऱ्या जमावाने उलथवून टाकली.

४. कायद्यात रंगाचा उल्लेख न करता फक्त कृष्णवर्णीय कसे गाळले?

मिसिसिपीची १८९० ची राज्यघटना हा याचा नमुना. त्यात चार चाळण्या होत्या. राज्यात दोन वर्षं आणि मतदारसंघात एक वर्ष वास्तव्य हवं (वाटेकरी शेतमजूर दरवर्षी मालक बदलत, ते इथेच गळत). दोन डॉलर पोल टॅक्स, म्हणजे मत देण्याआधी भरायचा डोईकर, भरलेला हवा. राज्यघटनेचं कलम वाचता यावं, किंवा वाचून दाखवल्यावर समजावं. आणि ठरावीक गुन्ह्यांत शिक्षा झालेली नसावी. या गुन्ह्यांत चोरी, जाळपोळ, फसवणूक, द्विभार्या असं बरंच होतं; खून आणि बलात्कार नव्हते! कोणते गुन्हे कृष्णवर्णीयांच्या नावावर जास्त लागतात, याचा घटनाकारांनी आपल्यापुरता हिशेब केला होता.

१८९८ मध्ये हे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्ट म्हणालं, कायद्याच्या शब्दांत भेदभाव नाही, सबब चालेल. साउथ कॅरोलायना (१८९५), लुइझियाना (१८९८), अलाबामा (१९०१), व्हर्जिनिया (१९०२) अशी रांगच लागली. परिणाम किती झटपट झाला ते लुइझियानात दिसतं. १८९६ च्या सुमारास तिथे सुमारे १,३०,००० कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये उरले १,३४२.

५. पोल टॅक्स दीड-दोन डॉलरच होता. एवढं काय अवघड होतं?

रक्कम हा त्यातला एक भाग. वाटेकरी शेतमजुराच्या हातात रोख पैसा वर्षातून एकदा, कापूस विकल्यावर येई, आणि तोही मालकाची उधारी वळती झाल्यावर. शिवाय अलाबामात हा कर साचत जाई : वर्षाला दीड डॉलर, वय २१ ते ४५. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा नाव घालायला गेलेल्याकडे सगळी थकबाकी मागत, ती जास्तीत जास्त ३६ डॉलरपर्यंत जाई. १९५३ मध्ये तिथे दोन वर्षांची मर्यादा घातली गेली. व्हर्जिनियात तीन वर्षांचे साडेचार डॉलर, तेही निवडणुकीच्या सहा महिने आधी, म्हणजे उमेदवार कोण हेही ठरलेलं नसताना.

दुसरी अडचण पावतीची. मिसिसिपीत दोन वर्षांच्या पावत्या लागत. पावती हरवली की मत गेलं. आणि गंमत अशी की कर थकवणाऱ्यावर फौजदारी कारवाई करायची नाही, असं तिथल्या घटनेतच लिहिलेलं होतं. कर वसूल होऊ नये, हाच त्या कराचा हेतू!

चोविसाव्या घटनादुरुस्तीने (जानेवारी १९६४) केंद्रीय निवडणुकांपुरता हा कर गेला. राज्याच्या निवडणुकांतून तो काढायला मार्च १९६६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला. मधली दोन वर्षं काही ठिकाणी दोन वेगळ्या मतदार याद्या ठेवाव्या लागल्या.

६. साक्षरता चाचणीत नेमकं काय विचारत?

राज्यागणिक वेगळं. मिसिसिपीत १९५५ नंतर वापरात आलेला अर्ज हाच परीक्षेचा पेपर होता. त्यात २१ प्रश्न. नाव, वय, धंदा, पत्ता, मालकाचं नाव हे आधी. मग राज्यघटनेच्या २८५ कलमांपैकी अधिकारी सांगेल ते कलम उतरवून काढायचं, त्याचा 'योग्य' अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहायचा आणि शेवटी नागरिकाची कर्तव्यं यावर चार ओळी.

फसायचं ते तीन ठिकाणी. एक, कलमाची निवड. गोऱ्या अर्जदाराला एका वाक्याचं कलम आणि कृष्णवर्णीयाला करआकारणीवरचं पानभर लांब कलम, असं खुशाल होई. दोन, अर्थ योग्य की अयोग्य हे तोच अधिकारी ठरवी, त्याला उत्तरसूची नव्हती. तीन, बारीकसारीक चुका. तारीख चुकीच्या ओळीवर लिहिली, सही एका जागी राहिली, की अर्ज बाद. गोऱ्या अर्जदाराला तीच चूक बोट ठेवून दाखवत आणि दुरुस्त करून घेत. हॅटिसबर्गमध्ये पदवीधर कृष्णवर्णीय शिक्षक या परीक्षेत नापास झाले. अलाबामात याखेरीज आधीच नोंदलेल्या मतदाराची हमी मागत. जिथे कृष्णवर्णीय मतदारच नाही, तिथे हमी देणार कोण?

७. साबणाच्या वडीतून किती बुडबुडे निघतात, असले प्रश्न खरंच असत का?

चळवळीतल्या लोकांच्या आठवणींत अशा गोष्टी येतात. छापील सरकारी अर्जांत मात्र असले प्रश्न नव्हते, आणि या किश्श्यांवर फार विसंबू नये असं आमचं मत आहे. किस्सा ऐकून वाटतं की एखादा विक्षिप्त कारकून मजा करत होता. प्रत्यक्षात छापील अर्ज, राज्याचा शिक्का, नियमातली प्रक्रिया असं सगळं रीतसर होतं (प्रश्न ६). हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

८. मग अडाणी, गरीब गोऱ्यांचीही मतं गेली असतील?

गेली, विशेषतः पोल टॅक्सने. त्यांच्यासाठी काही राज्यांनी मागचं दार ठेवलं, ते म्हणजे 'आजोबा कलम'. लुइझियानात १ जानेवारी १८६७ रोजी ज्याला मताधिकार होता, त्याला, त्याच्या मुलाला आणि नातवाला चाचणी माफ. त्या दिवशी तिथे कृष्णवर्णीयांना मताधिकार नव्हता, हे सांगायला नको.

ओक्लाहोमाचं असंच कलम सुप्रीम कोर्टाने १९१५ मध्ये रद्द केलं. राज्याने लगेच नवा कायदा आणला : १९१४ मध्ये मत दिलेले आपोआप यादीत, इतरांनी ३० एप्रिल ते ११ मे १९१६ या बारा दिवसांत नाव घालावं, नाहीतर हक्क कायमचा गेला. हा कायदा रद्द व्हायला १९३९ उजाडलं.

९. 'व्हाइट प्रायमरी' म्हणजे काय?

प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी होणारं मतदान. दक्षिणेत त्या काळी डेमोक्रॅटिक पक्षाचाच उमेदवार निवडून येई, त्यामुळे खरी निवडणूक प्रायमरीतच उरके. पक्ष म्हणजे खासगी संस्था, तिने सभासद कोणाला करावं हा तिचा प्रश्न, असं म्हणत टेक्ससने कृष्णवर्णीयांना प्रायमरीतून वगळलं. १९२७ आणि १९३२ मध्ये कोर्टाने हे अडवलं, दर वेळी पळवाट बदलली, १९३५ मध्ये तर कोर्टाने ती मान्यच केली. शेवटी १९४४ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी ही पद्धत बंद झाली.

१०. म्हणजे वर्णभेद करणारा पक्ष डेमोक्रॅटिक होता? आज तर उलटं दिसतं.

दक्षिणेतला डेमोक्रॅटिक पक्ष, होय. लिंकन रिपब्लिकन होते, आणि मताधिकार असलेले कृष्णवर्णीय बराच काळ त्यांच्या पक्षाबरोबर राहिले. १९३० च्या दशकात उत्तरेकडचे कृष्णवर्णीय डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टकडे वळले. १९६४-६५ च्या कायद्यांनंतर दक्षिणेतले गोरे मतदार सावकाश रिपब्लिकन पक्षाकडे सरकले. साउथ कॅरोलायनाचे सिनेटर स्ट्रॉम थर्मंड १९५७ च्या नागरी हक्क विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं सलग बोलले, तेव्हा ते डेमोक्रॅट होते. १९६४ मध्ये ते रिपब्लिकन झाले. पक्षांच्या नावावरून त्या काळचा वाद सोडवायला जाऊ नये. उत्तर-दक्षिण हा भेद धरला तर चित्र नीट कळतं.

११. नाव नोंदवायला गेल्यावर धोका काय असे?

नोकरी, घर, उधारी आणि जीव. अर्जात मालकाचं नाव आणि पत्ता असे, हे वर आलंच. १९६२ मध्ये मिसिसिपीने आणखी एक नियम केला : अर्जदाराचं नाव स्थानिक वर्तमानपत्रात दोन आठवडे छापायचं. कारण सांगितलं गेलं की कोणाला हरकत असल्यास घेता यावी. प्रत्यक्षात मालकाला, सावकाराला आणि क्लॅनला (कू क्लक्स क्लॅन, गोऱ्या वर्चस्ववाद्यांची हिंसक संघटना) घरबसल्या यादी मिळाली. फॅनी लू हेमर ३१ ऑगस्ट १९६२ रोजी इंडियानोलाच्या कचेरीत जाऊन आल्या, आणि ज्या मळ्यावर अठरा वर्षं राबल्या तो त्यांना सोडावा लागला. जून १९६४ मध्ये नेशोबा काउंटीत चेनी, गुडमन आणि श्वर्नर या तीन कार्यकर्त्यांचे खून झाले. त्यांना आधी एका उपशेरीफनेच, म्हणजे काउंटीच्या पोलीस अधिकाऱ्यानेच, पकडलं होतं.

१२. एवढा उघड अन्याय होता, तर कोर्टात दाद का मागितली नाही?

मागितली. १९०३ चा जॅक्सन जाइल्सचा खटला यात सगळ्यात विलक्षण. मॉन्टगोमेरीचा हा कृष्णवर्णीय नागरिक म्हणाला, अलाबामाची नोंदणी ही फसवणूक आहे, माझं नाव यादीत घाला. सुप्रीम कोर्टाचं उत्तर थोडक्यात असं : यादीच फसवी आहे असं तूच म्हणतोस, मग त्या फसवणुकीत तुझं नाव घालून आम्ही भागीदार कसे व्हावं? दाद राजकीय मार्गाने माग. ज्याला मतच नाही त्याला हा सल्ला!

पुढे १९५७, १९६० आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्यांनी केंद्र सरकारलाही खटले भरता येऊ लागले. पण एका खटल्यासाठी जुन्या नोंदी चाळायला कधी कधी ६,००० मनुष्य-तास लागत. निकाल लागेपर्यंत राज्य नवीन चाचणी आणे किंवा अधिकारी राजीनामा देऊन मोकळा होई. अलाबामातलं सेल्मा शहर ज्या काउंटीत आहे तिथे चार वर्षांच्या कोर्टबाजीनंतर कृष्णवर्णीय मतदार १५६ वरून ३८३ झाले. मतदानाच्या वयाचे होते सुमारे १५,०००.

१३. सेल्मात नेमकं काय घडलं?

तिथे नोंदणी महिन्यातून दोनच सोमवारी चाले. १९६५ च्या जानेवारीपासून लोक रांगा लावत होते आणि अटक होत होते. १८ फेब्रुवारीला जवळच्या मॅरियन गावात पोलिसाने जिमी ली जॅक्सनला गोळी घातली, आठ दिवसांनी तो गेला. त्यातून सेल्मा ते मॉन्टगोमेरी पायी मोर्चा ठरला. ७ मार्चला सुमारे ६०० लोक एडमंड पेटस पूल ओलांडताच त्यांच्यावर लाठ्या आणि अश्रुधूर चालवला गेला. त्याच रात्री देशभर लोकांनी तो हल्ला टीव्हीवर पाहिला. १५ मार्चला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी संसदेत मताधिकार कायद्याची मागणी केली. ५४ मैलांचा मोर्चा २१ ते २५ मार्च या काळात पूर्ण झाला आणि ६ ऑगस्टला कायद्यावर सही झाली.

१४. १९६५ च्या कायद्याने वेगळं काय केलं?

सिद्ध करण्याचं ओझं उलटवलं. आधी मतदाराने प्रत्येक नवी पळवाट कोर्टात खोडायची (प्रश्न १२). आता राज्याने आधी परवानगी मागायची.

कोणत्या राज्याने, हे चौथ्या कलमातलं सूत्र ठरवी : १ नोव्हेंबर १९६४ रोजी तिथे साक्षरतेसारखी चाचणी होती का, आणि मतदानाच्या वयाच्या लोकांपैकी निम्म्यांहून कमी जणांची नोंदणी किंवा मतदान झालं होतं का. दोन्ही उत्तरं 'हो' असतील तर चाचणी तिथल्या तिथे स्थगित. शिवाय पाचव्या कलमाखाली, निवडणुकीचा कुठलाही नियम बदलायचा तर ॲटर्नी जनरलची (केंद्र सरकारचा मुख्य कायदा अधिकारी) किंवा वॉशिंग्टनच्या कोर्टाची पूर्वमंजुरी हवी. ॲटर्नी जनरलला हरकत घ्यायला ६० दिवस. मतदान केंद्र एका शाळेतून दुसऱ्या शाळेत न्यायचं, तरी हेच.

गरज पडेल तिथे केंद्राचे अधिकारी जाऊन थेट नोंदणी करू शकत. सही होऊन चार दिवस होतात तोच ते नऊ काउंट्यांत बसले. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी कायद्याआधी ६.७ टक्के होती, १९६७ मध्ये ५९.८ टक्के. माणसं तीच होती, शिक्षणही तेवढंच. टेबलामागचा माणूस तेवढा बदलला.

१५. हा कायदा २०१३ मध्ये रद्द झाला असं वाचलं. खरं आहे का?

अर्धवट खरं. २५ जून २०१३ रोजी सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी फक्त चौथ्या कलमातलं सूत्र रद्द केलं, कारण त्याची आकडेवारी १९६० आणि ७० च्या दशकांतली होती. पाचवं कलम पुस्तकात तसंच आहे, पण ते कोणाला लागू हे सांगणारं सूत्र नसल्याने निपचित पडून आहे. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी मतात लिहिलं की भर पावसात आपण भिजत नाही म्हणून छत्री फेकून देण्यासारखं हे आहे. टेक्ससने त्याच दिवशी अडवून ठेवलेला ओळखपत्राचा कायदा लागू केल्याचं जाहीर केलं. त्या कायद्यात बंदुकीचा परवाना चालत होता, सरकारी विद्यापीठाचं विद्यार्थी ओळखपत्र चालत नव्हतं.

१६. नाव यादीत आलं, मतही दिलं. तरी ते वाया घालवता येतं का?

येतं, आणि १९६५ नंतरचे बहुतेक खटले याच प्रकारचे. जुनं उदाहरण अलाबामातल्या टस्कीगीचं. १९५७ मध्ये चौकोनी शहराची हद्द बदलून २८ बाजूंची केली गेली, आणि सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे शहराबाहेर गेले. कोर्टाने १९६० मध्ये ते फेटाळलं. दुसरी युक्ती वॉर्ड मोडण्याची : प्रत्येक वॉर्डाचा एक नगरसेवक असेल तर कृष्णवर्णीय वस्तीचा एखादा निवडून येतो, सगळ्या शहराने सगळे निवडायचे ठरवलं की बहुसंख्याकांचेच सगळे येतात. १९८० मध्ये कोर्ट म्हणालं, हेतू सिद्ध करा. १९८२ मध्ये संसदेने १९६५ च्या कायद्याचं दुसरं कलम बदलून परिणाम दाखवला तरी पुरे असं केलं. याच कलमाच्या जोरावर जून २०२३ मध्ये अलाबामाचा मतदारसंघांचा नकाशा कोर्टात अडकला.

१७. हे फक्त दक्षिणेतच होतं का?

नाही. साक्षरतेची अट सगळ्यात आधी कनेक्टिकटने (१८५५) आणि मॅसॅच्युसेट्सने (१८५७) घातली, रोख होता आयरिश स्थलांतरितांवर. मूळ रहिवाशांना १९२४ मध्ये नागरिकत्व मिळालं, तरी ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत मत मिळायला १९४८ लागलं आणि युटातला अडसर १९५७ पर्यंत राहिला. साक्षरता चाचण्या देशभर स्थगित झाल्या १९७० मध्ये, कायमच्या गेल्या १९७५ मध्ये.

१८. त्या काळात अमेरिकेतल्या भारतीयांना मत होतं का?

मतासाठी नागरिकत्व हवं, आणि १७९० च्या कायद्याने बाहेरून आलेल्यांपैकी ते 'स्वतंत्र गोऱ्या' माणसालाच होतं. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाची भर पडली. भारतीय ना इकडचे ना तिकडचे. भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात फेब्रुवारी १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की सर्वसामान्य समजुतीनुसार भारतीय माणूस गोरा नाही. मग आधी दिलेली नागरिकत्वंही सरकार काढून घेऊ लागलं. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित स्वतः १९१४ पासून नागरिक होते, त्यांच्यावरही खटला झाला. तो मात्र ते जिंकले. भारतीयांना नागरिकत्वाचं दार १९४६ मध्ये उघडलं.

१९. या इतिहासाचा महाराष्ट्राशी काही संबंध?

आहे, आणि जुना आहे. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' (१८७३) अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं ते तिथल्या ब्लॅक पँथरवरून.

मताधिकाराबाबतचा धागा जास्त थेट आहे. ब्रिटिश काळात आपल्याकडेही मत मालमत्ता, कर आणि शिक्षणावर अवलंबून होतं. बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढेच प्रौढ मताधिकार मागितला होता. संविधानाच्या ३२६ व्या कलमात साक्षरतेची अट नाही, कराची नाही. १९५१ मध्ये देशात साक्षर होते जेमतेम १८ टक्के; मतपेट्यांवर चित्रं लावून निवडणूक घेतली गेली.

२०. माझे आईवडील अमेरिकन नागरिक झाले आहेत, इंग्रजी वाचता येत नाही. मराठी मतपत्रिका मिळेल का?

मराठी नाही. १९६५ च्या कायद्याला १९७५ आणि १९९२ मध्ये झालेल्या दुरुस्त्यांनुसार एखाद्या ठिकाणी इंग्रजी नीट न येणारे एका भाषिक गटाचे मतदार १०,००० हून अधिक किंवा ५ टक्क्यांहून अधिक असतील (आणि साक्षरतेचा निकष बसत असेल) तर त्या भाषेत साहित्य द्यावं लागतं. यात भारतीय एकच गट धरतात आणि भाषा स्थानिक अधिकारी निवडतात. २०११ च्या यादीनंतर न्यू यॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगाली आली, शिकागोच्या कुक काउंटीत हिंदी.

मात्र १९८२ पासून, वाचता न येणाऱ्या मतदाराला आपल्या पसंतीचा मदतनीस आत नेता येतो. तो मुलगा, सून, शेजारी कोणीही चालेल. मालक किंवा त्याचा माणूस, अथवा युनियनचा प्रतिनिधी चालत नाही. केंद्रावर अडवलं तर तिथल्या मुख्य अधिकाऱ्याला शांतपणे हा नियम सांगावा.

एक सावधगिरी. ग्रीन कार्डवाल्याने नोंदणी करू नये. ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जात मतदार नोंदणीचा चौकोन असतो, तिथे घाईत खूण होते. केंद्रीय निवडणुकीत नागरिक नसलेल्याने मत देणं १९९६ पासून गुन्हा आहे आणि त्यापायी देशाबाहेर काढलं जाऊ शकतं.

२१. शिक्षा झालेल्यांचा मताधिकार जातो, हा त्याच जुन्या पद्धतीचा भाग आहे का?

काही राज्यांत थेट तोच. मिसिसिपीची १८९० ची यादी (प्रश्न ४) थोड्या बदलांसह चालत राहिली. खून आणि बलात्कार तिच्यात १९६८ मध्ये आले. 'नैतिक अधःपतना'च्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्याचं मत काढणारं अलाबामाचं कलम कोर्टाने १९८५ मध्ये रद्द केलं, कारण १९०१ च्या घटना परिषदेत गोऱ्यांचं वर्चस्व हा हेतू उघड बोलला गेला होता. पण शिक्षेमुळे मत काढणं मुळात बेकायदा नाही, असा १९७४ चा निकाल आहे. त्यामुळे हे राज्यागणिक वेगळं : मेन आणि व्हर्माँटमध्ये कैदीही तुरुंगातून मत देतात, तर फ्लोरिडात २०१८ मध्ये मतदारांनीच शिक्षा संपलेल्यांना हक्क परत दिला आणि पुढच्याच वर्षी विधिमंडळाने त्याला आधी दंड आणि कोर्टाची फी भरण्याची अट जोडली. दंड नेमका किती बाकी आहे हे एका ठिकाणी पाहायची सोय नव्हती. काउंटीच्या कचेरीत जाऊन जुन्या पावत्या शोधाव्या लागत.